१८६७ पाठ, १९५५ कच्चा : म्हापशातील एका कागदपत्र कार्यालयाच्या सेवेविषयी

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात झालेल्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात चढवून देण्याचा, म्हणजेच पोर्तुगीज नागरिकत्व सिद्ध करून देण्याचा, व्यवसाय आता म्हापसा, पणजी आणि मडगाव येथे चांगलाच स्थिरावला आहे. त्यांपैकी म्हापशातील एका कार्यालयाकडे मी माझ्या वडिलांची नोंद आणि तिच्या आधारे पुढे माझी व मुलाची नोंद करण्याचे काम सोपवले. सेवेत जमेच्या बाजू आहेत तशा गंभीर त्रुटीही आहेत, म्हणून कार्यालयाचे नाव येथे देत नाही. माझा निष्कर्ष आधीच सांगतो: या मंडळींना १८६७ चा पोर्तुगीज कायदा उत्तम येतो, १९५५ चा भारतीय कायदा येत नाही, आणि ग्राहकाला दोन्हींची सारखीच गरज असते.

कार्यालय दोन खोल्यांचे आहे. बसायला जागा पुरेशी, वागणूक सौजन्याची, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच मिळते, ही गोष्ट या धंद्यात गृहीत धरता येत नाही. अर्धी रक्कम आगाऊ घेतात आणि उरलेली लिस्बनहून नोंद झाल्याचे कळल्यावर. मात्र पोर्तुगीज भाषांतर, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, नोटरी आणि कुरियर या सर्वांचा खर्च एकाच आकड्यात कोंबलेला असतो. वेगवेगळा तपशील मागितल्यावर तो तोंडी सांगितला गेला, लेखी मिळण्यासाठी मला आग्रह धरावा लागला.

आमचे प्रकरण थोडे आडवळणाचे होते. माझे आजोबा जन्माने सावंतवाडीचे. सोनारकामाच्या निमित्ताने ते हद्द ओलांडून पेडण्यात आले आणि तिथेच राहिले. वडिलांचा जन्म पेडण्यातला, १९३८ चा. अर्ज भरून घेणाऱ्या तरुण मुलीने आजोबांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात सावंतवाडी लिहिले आणि पेन खाली ठेवले. "काका, आजोबा गोव्यात जन्मलेले नाहीत म्हणजे ते पोर्तुगीज नव्हेत. मग तुमच्या वडिलांना हक्क कुठून येणार?" असे तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता हे प्रकरण होणार नाही असेही सांगून टाकले. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते आणि ते शोधावे असेही तिला वाटले नाही. सीमेलगतच्या पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत निम्म्या गावांच्या सोयरिकी पलीकडच्या आहेत. अशा भागात काम करणाऱ्या कार्यालयाच्या पहिल्या टेबलावर ही माहिती असायला हवी.

सुदैवाने नोंदणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे ठरावीक दिवशी सल्ल्यासाठी येतात. त्यांची वेळ घेऊन मी पुन्हा गेलो. त्यांनी कपाटातून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची प्रत काढली, अठरावे कलम पोर्तुगीजमध्ये मोठ्याने वाचले आणि मग मराठीत समजावून दिले. या सेवेत मोजलेल्या पैशांचे खरे मोल मला तिथे मिळाले, म्हणून त्यांनी सांगितलेले थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे १८६७ ची संहिता म्हटली की लोकांना वारसाहक्क, पतिपत्नींची समाईक मालमत्ता आणि इन्व्हेंतार (वारसांमधील वाटणीची न्यायालयीन कारवाई) एवढेच आठवते. पण नागरिक कोणाला म्हणावे हेही त्याच ग्रंथात सांगितलेले होते. १८ नोव्हेंबर १८६९ च्या फर्मानाने ही संहिता सागरापलीकडील प्रांतांना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात अमलात आली. तिच्या अठराव्या कलमानुसार पोर्तुगीज आईबापांची मुले तर नागरिक होतच, पण पोर्तुगीज भूमीवर परकीय बापाच्या पोटी जन्मलेले मूलही नागरिक ठरत असे. त्याला अपवाद दोनच होते. बाप आपल्या देशाच्या सरकारी सेवेसाठी तिथे राहत असेल तर, किंवा मुलाने सज्ञान झाल्यावर, अथवा तो अज्ञान असताना बापाने किंवा पालकाने, हे नागरिकत्व नको असल्याचे जाहीर केले असेल तर. म्हणजे बापाला काही मागावे लागत नव्हते. नको असेल तरच बोलायचे होते. पेडण्यात सोन्याचे काम करणाऱ्या माणसाने असे काही जाहीर केले असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वडिलांच्या नोंदीच्या समासातही तसा शेरा नाही. वडील त्या मातीत जन्मले त्या क्षणीच पोर्तुगीज नागरिक झाले. आजोबांचे मूळ गाव कोणते, याला त्यात स्थान नव्हते.

खुद्द आजोबांसाठी मार्ग निराळा होता. बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळवायचे तर संहितेच्या एकोणिसाव्या कलमातील अटी वाचताना आजच्या माणसाला नवल वाटावे इतक्या साध्या आहेत: तो सज्ञान असावा, स्वतःच्या श्रमाने किंवा अन्य साधनाने पोट भरण्याची त्याची ऐपत असावी, आणि पोर्तुगीज प्रदेशात त्याचे किमान एक वर्ष वास्तव्य झालेले असावे. ज्याच्या अंगात आईकडून वा बापाकडून पोर्तुगीज रक्त असेल त्याला वर्षाची अटही माफ होती. नागरिकत्वाचे पत्र मिळाले तरी काम संपत नसे. ज्या तालुक्यात तो राहणार तिथल्या नगरपालिकेच्या दप्तरात ते नोंदवले गेले तरच ते लागू होई. परकीय स्त्रीने पोर्तुगीज नागरिकाशी लग्न केले की तिला हे काही करावे लागत नसे, विवाहानेच ती नागरिक होई. सीमेपलीकडून पेडण्यात नांदायला आलेल्या कितीतरी सुना अशा रीतीने, स्वतःला कळलेही नसताना, पोर्तुगीज झाल्या असल्या पाहिजेत. प्रजासत्ताक आल्यावर, १९१० च्या अखेरीस, परकीयांच्या अटी कडक झाल्या. आजोबांनी असे पत्र कधी घेतले नाही. ते शेवटपर्यंत वाडी संस्थानचे प्रजाजन राहिले आणि त्यांची मुले मात्र पोर्तुगालची नागरिक. एकाच घरात, एकाच ताटाशी बसणाऱ्यांच्या दोन राजवटी.

हे सारे १८६७ मध्ये आकाशातून पडले नाही, हेही त्या गृहस्थांनी आवर्जून सांगितले. त्याआधी गोव्यात हक्कांचे दार धर्मातून उघडत असे. अल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर इथल्या स्त्रियांशी लग्ने करून स्थायिक होणाऱ्या पोर्तुगीज शिपायांना जमिनी आणि सवलती मिळाल्या. एतद्देशीय ख्रिस्ती लोक मात्र धर्मांतरानंतरही अनेक पिढ्या दुय्यमच राहिले. पोर्तुगालचा प्रधानमंत्री पोंबाल याच्या काळात, २ एप्रिल १७६१ च्या फर्मानाने, आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्या गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा दर्जा दिला. पण ते फर्मान गोव्यात प्रत्यक्ष जाहीर व्हायला १७७४ साल उजाडले. लिस्बनच्या संसदेवर गोव्यातून पहिल्यांदा प्रतिनिधी गेले ते १८२२ च्या निवडणुकीनंतर, आणि त्यांत बेर्नार्द पेरिस द सिल्वा यांच्यासारखे गोमंतकीय ख्रिस्ती होते. आमचे पेडणे तर वाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आलेले, नव्या काबिजादींतले (अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी मिळवलेल्या तालुक्यांतले) शेवटचे. तिथल्या हिंदूंच्या रूढींना १६ डिसेंबर १८८० च्या संहितेने मान्यता दिली, तरी राज्याचा धर्म कॅथलिकच होता. ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आले, २० एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्मसत्तेची राजसत्तेपासून फारकत झाली, आणि मग हिंदूंना नोकरी व शिक्षणात बरोबरीने उभे राहता येऊ लागले. कागदावरचे नागरिकत्व आणि अनुभवातले नागरिकत्व यांत आमच्याकडे साधारण चाळीस वर्षांचे अंतर पडले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच काळात ब्रिटिश मुलखात काय होते, याची तुलना त्यांनी ओघातच केली. तिथे परकीयाला प्रजाजन करून घेण्यासाठी १८५२ चा आणि पुढे १९२६ चा वेगळा कायदा होता. संस्थानातला माणूस तर ब्रिटिश प्रजाजनही धरला जात नसे, तो केवळ ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा मानला जाई. उलट धोबीतलावच्या कुडांत (गोमंतकीयांच्या गाववार सामायिक निवासांत) राहून बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा गोमंतकीय मुंबईत कायद्याने परदेशी होता. आफ्रिकेतील चित्र आणखी वेगळे. अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील बहुसंख्य आफ्रिकी लोकांना 'इंदिजेना' म्हणून नागरिकत्वाबाहेर ठेवणारा कायदा १९६१ च्या सप्टेंबरपर्यंत चालू होता. तो गोव्याला कधीच लागू नव्हता, त्यामुळे मोझांबिकमध्ये कारकुनी करायला गेलेला गोमंतकीय तिथल्या भूमिपुत्रापेक्षा वरच्या पायरीवर बसत असे. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी की संकोचाने, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि या नागरिकत्वाची किंमत तरी काय होती? १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना पुन्हा एकदा वसाहतीचे रहिवासी करून टाकले. त्याविरुद्ध गोमंतकीय नेते मिनेझिस ब्रागांझांनी सरकारी मंडळात ठराव मांडला. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना सभा घेण्यावरून अटक झाली, ती सभेचा हक्कच नसलेल्या 'नागरिकां'च्या गावात. माझ्या वडिलांना हे काम मी हाती घेतल्याचे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सालाझारचो कागद आतां कित्याक?" (पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा कागद आता कशाला?) त्यांची सही मिळवायला मला कार्यालयापेक्षा अधिक वेळ लागला.

कार्यालयाने प्रत्यक्ष कामात दाखवलेली चिकाटी मात्र वाखाणण्यासारखी आहे. पेडण्याच्या नोंदणी पुस्तकातून वडिलांच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल त्यांनी काढून आणली. हाताने लिहिलेल्या त्या पानावर आजोबांच्या नावापुढे जन्मगाव सावंतवाडी, धंदा सोनाराचा, आणि तळाशी साक्षीदारांच्या रोमी सह्यांशेजारी आजोबांची ठळक बाळबोध सही आहे. समासात पुढे वडिलांच्या लग्नाचा शेरा. नाव लिहिण्याची पद्धत पोर्तुगीज असल्यामुळे 'श' साठी एक्स हे अक्षर आणि आडनावाच्या शेवटी एक जादा स्वर आहे. १९६१ नंतर मराठी शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि आधार कार्डावर तेच नाव इंग्रजी वळणाने तीन तऱ्हांनी उतरले आहे. लिस्बनला हे चालत नाही. चारही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याचे भाषांतर, त्यावर अपोस्टिल आणि त्याला जोडायचे पुरावे, ही साखळी त्यांनी एकही दुवा न चुकता बांधली. आम्हाला नाव बदलण्यासाठी १९९० च्या गोवा कायद्याखाली अर्ज करायला न लावता हे जमवले, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. अशा ठिकाणी अननुभवी एजंट आधी नाव बदलायला लावतो आणि मग जुन्या नोंदीशीच मेळ बसेनासा होतो. वडिलांची नोंद लिस्बनच्या दप्तरात कोणतीही शंका न निघता चढली.

आता दुसरी बाजू. वडिलांच्या नोंदीचे काम आणि माझे काम यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे, हे मला कार्यालयात कोणीही सांगितले नाही. वडील जन्माने पोर्तुगीज. भारताने १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली २८ मार्च १९६२ ला आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे झाला असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. नको असेल त्याने महिन्याच्या आत लेखी कळवायचे होते. पुन्हा तीच पद्धत: मागायचे काही नाही, नको असेल तरच बोलायचे. मोन्सिन्योर रेमेदियस मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी तसे कळवून पोर्तुगीज नागरिकत्व राखले. पुढे परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले म्हणून परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गमतीचा भाग असा की माझे आजोबा, जे जन्माने सावंतवाडीचे म्हणजे भारतीय भूमीतलेच, ते या आदेशातील जन्माच्या अटीत बसतच नव्हते. हा मुद्दा मी काढला तेव्हा ते निवृत्त गृहस्थही क्षणभर थांबले, आणि "त्यांचे राहू द्या, ते तर वारले," म्हणून पुढे गेले.

माझे तसे नाही. मी मुक्तीनंतर जन्मलो, भारतीय म्हणूनच. मी स्वतःहून अर्ज करून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तर नवव्या कलमानुसार माझे भारतीय नागरिकत्व संपते. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणे हा तसे घडल्याचा निर्णायक पुरावा, असे नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. केवळ लिस्बनमधील नोंदीने नागरिकत्व जाते की नाही, यावर गोव्यात अनेक वर्षे वाद झाला आहे, आणि असा प्रश्न उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय केंद्र सरकारने करायचा, अशी त्याच कलमाखालच्या नियमांत तरतूद आहे. याविषयी लेखी सल्ला मागितल्यावर मला मिळालेले उत्तर होते, "अहो, काही होत नाही, सगळे असेच करतात." ज्या माणसाने अठराव्या कलमातला एकेक शब्द सोडवून दाखवला त्याच्याच तोंडून हे ऐकणे मला फार खटकले. मतदानाचा हक्क जातो, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते) घेतले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, या गोष्टी ग्राहकाने पहिला हप्ता भरण्यापूर्वी त्याच्या हातात कागदावर पडायला हव्यात. आमच्या कुटुंबाची पेडण्यात थोडी बागायत आहे. कार्यालयातील एकानेही जमिनीविषयी चौकशी केली नाही.

आणखी एक तक्रार जाहिरातीची. प्रवेशाजवळच्या फलकावर अजूनही लंडनच्या घड्याळाचे चित्र आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षाच्या अखेरीस मोकळ्या ये-जा करण्याची सोय संपली. पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेऊन स्विंडनला किंवा साउथॉलला जाऊन थेट कामाला लागण्याचा काळ गेला. आज त्या पासपोर्टावर जायचे तर पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी अशा संघातल्या देशांत, आणि तिथे भाषेचा प्रश्न आहे. विचारल्यावर कार्यालयातील मंडळी हे प्रामाणिकपणे सांगतात, पण न विचारणाऱ्या, कर्ज काढून आलेल्या मुलांचे काय?

गुणांकनच करायचे तर जुन्या कागदांच्या कामासाठी मी पाचपैकी साडेचार देईन आणि सल्ल्यासाठी दीड. ज्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी १९६१ पूर्वी गोव्यात जन्मली आहेत, विशेषतः ज्यांचे आजोबा-पणजोबा वाडी, कोल्हापूर किंवा कारवारकडून आलेले आहेत, त्यांनी पहिल्या टेबलावरचा नकार अंतिम समजू नये. निवृत्त सल्लागारांची वेळ मागून घ्यावी, आणि जाताना जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल सोबत न्यावी, संक्षिप्त दाखल्यावर काही होत नाही. भारतीय बाजूचा सल्ला मात्र नागरिकत्वाची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडून स्वतंत्रपणे घ्यावा, आणि तो कार्यालयाने सुचवलेला नसावा.

माझ्या मुलाचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून माझ्या नोंदीचे कागद मी सध्या थांबवून ठेवले आहेत. त्या कामासाठी दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली तेव्हा भाषांतराचा झालेला खर्च वजा करून उरलेले पैसे त्यांनी कुरबुर न करता परत केले, आणि या वेळी हिशेब लेखी दिला.